कांगारू, वॉलबी, कोआलामध्ये हर्पीसचा संशय आला तर: सॅम्पलपासून रिपोर्टपर्यंत सगळं क्रमाने

ऑस्ट्रेलियात व्हेट नर्सिंग करणारे, वाइल्डलाइफ शेल्टरला वीकेंडला मदत करणारे, नाहीतर व्हेटरिनरीचं पुढचं शिकायला आलेले मराठी लोक आता बरेच झालेत. त्यांच्याकडून एकच मेसेज फिरून फिरून येतो, "हर्पीस पॉझिटिव्ह आलंय, आता काय करू?" हर्पीस म्हणजे व्हायरसचं एक कूळ. मग जरा खोलात विचारलं की कळतं, स्वॅब (सॅम्पल घ्यायची काडी) डोळ्यात रंग टाकल्यावर घेतलेला होता, किंवा मेलेलं जनावर आधी डीप फ्रीझरमध्ये गेलं, किंवा रिपोर्टमध्ये कुठला हर्पीस आहे हे कोणी वाचलंच नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी एकदा चुकल्या की परत करताच येत नाहीत, म्हणून क्रमाने लिहितेय.

वाचताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. हर्पीस सापडणं वेगळं आणि हर्पीसमुळे जनावर आजारी पडणं वेगळं. खालचे सगळे टप्पे हा फरक कळावा म्हणूनच आहेत.

आणि हो, परवाना नसताना जंगली जनावर घरी ठेवायचं नाही, गुंगीचं औषध, रक्त काढणं आणि उपचार ही कामं व्हेटचीच. आपण तयारी, निरीक्षण, मदत आणि नोंदी नीट करायच्या.

टप्पा १: कुठल्या हर्पीसबद्दल बोलतोय ते आधी समजून घ्या

पिशवीवाल्या प्राण्यांमध्ये दोन गटांचे हर्पीस आपल्या कामाचे आहेत, अल्फा आणि गॅमा.

अल्फा म्हणजे मॅक्रोपॉडिड अल्फाहर्पीसव्हायरस १, २ आणि ४. हे कांगारू-वॉलबीवर्गातले, आणि माणसाच्या ओठावर फोड आणणारा जो हर्पीस सिम्प्लेक्स आहे त्याच्याच वंशातले. जीव घेणारे आजार जास्त करून हेच करतात. डोळे लाल होऊन चिकटणं, ताप, गुद आणि जननेंद्रियाच्या आसपास फोड किंवा व्रण, तोल जाणं, लिव्हरमध्ये ठिकठिकाणी पेशी मरणं, आणि कधीकधी काहीच न दिसता सकाळी जनावर मेलेलंच सापडणं. एक नंबरचा व्हायरस १९७० च्या दशकात बंदिस्त पार्मा वॉलबी मेल्या त्यातून सापडला आणि दोन नंबरचा बंदिस्त डॉर्कॉप्सिस वॉलबी आणि क्वोकांमधून (हे सगळे कांगारूचेच लहान भाऊबंद). "बंदिस्त" हा शब्द दोन्हीकडे आहे, तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गॅमा गटातले व्हायरस कोआलात (दोन प्रकार), वॉम्बॅटमध्ये, टास्मानियन डेव्हिलमध्ये, ईस्टर्न ग्रे कांगारूत सापडलेत. हे बऱ्याचदा धडधाकट दिसणाऱ्या जनावरातही असतात.

दोन्ही गट एकदा शिरले की जन्मभर अंगात राहतात. अल्फा मज्जातंतूंच्या गाठीत लपून बसतो, गॅमा मुख्यतः रक्तातल्या पांढऱ्या पेशींत. जनावराला ताण आला, जागा बदलली, प्रवास झाला, दुसरा आजार झाला, की पुन्हा बाहेर पडायला लागतो. रेस्क्यू म्हणजे यातलं सगळं एकदम, हे विसरू नका.

टप्पा २: जनावराला हात लावण्याआधीची तयारी

हे सगळं टेबलावर मांडून झाल्याशिवाय जनावर पिशवीतून किंवा पेटीतून बाहेर काढू नका. बाहेर काढल्यावर "अगं ट्यूब कुठे ठेवल्यास" सुरू झालं की वाढणारं प्रत्येक मिनिट त्याच्या अंगावर जातं.

- निर्जंतुक स्वॅब, प्लॅस्टिकच्या काडीचे, रेयॉन, डॅक्रॉन किंवा फ्लॉक्ड टोकाचे. लाकडी काडी नको, कॅल्शियम अल्जिनेटही नको, दोन्हीने पीसीआर (व्हायरसचा डीएनए वाढवून शोधणारी टेस्ट) बिघडू शकते.
- कोऱ्या निर्जंतुक ट्यूब किंवा व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियम, यातलं काय हवं ते लॅबला आधी फोन करून विचारा. काळ्या कोळशाचं किंवा जेलचं मीडियम बॅक्टेरियासाठी असतं, ते इथे वापरू नका.
- ग्लोव्हजचा अख्खा बॉक्स. दोन जोड्या नाही, बॉक्स.
- सलाइन, निर्जंतुक गॉझ, थर्मामीटर, वजनकाटा.
- अल्कोहोलने न पुसलं जाणारं मार्कर आणि लेबलं, आधीच लिहून ठेवलेली.
- बर्फाच्या जेल पॅकचा थंड डबा.

लेबलवर नुसतं "कांगारू" लिहू नका. ईस्टर्न ग्रे, वेस्टर्न ग्रे, स्वॉम्प वॉलबी, जे असेल ते पूर्ण नाव, कारण कुठला व्हायरस कुठल्या जातीत सापडला यावरच अर्धा अर्थ लागतो. शिवाय नंबर, तारीख आणि जागा, म्हणजे उजवा डोळा, डावा डोळा, नाक, असं स्पष्ट.

*चेक: लॅबला फोन झाला का? त्यांच्याकडे ही टेस्ट होते का, रिपोर्टला किती दिवस, सिक्वेन्सिंग (डीएनए वाचून नेमका कुठला व्हायरस ते ओळखणं) करणार का, हे तीन प्रश्न विचारलेत का?*

टप्पा ३: आधी लांबून बघा, मग तापमान

पाच-दहा मिनिटं नुसतं बघायचं. चालताना तोल जातो का, एक डोळा मिटून ठेवलाय का, नाकातून काय येतंय, शेपटीखाली ओलं किंवा लाल आहे का, खातंय का. मोबाइलवर झूम करून व्हिडिओ काढा, नंतर व्हेटला दाखवायला फार उपयोगी पडतो.

पाठलाग करून पकडू नका, अजिबात. कांगारूला दमवून पकडलं की कॅप्चर मायोपथी होते, स्नायू तुटायला लागतात, पाय ताठरतात, लघवी गडद तपकिरी होते आणि जनावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतं. मग लोक म्हणतात हर्पीसने गेलं. अंधार करा, आवाज बंद करा, घरातली कुत्री लांब न्या, गुंगी द्यायची की नाही ते व्हेट ठरवेल.

आता तापमान, कारण इथे आपल्याकडून शिकून आलेले लोक हमखास फसतात. आपला हात कुत्र्या-मांजरावर बसलेला असतो, ३८.५ दिसलं की आपण "नॉर्मल" लिहून मोकळे होतो. मोठ्या कांगारूचं आणि कोआलाचं नेहमीचं तापमान साधारण ३५ ते ३६.५ च्या आसपास असतं. म्हणजे ३८.५ हे चांगलंच वाढलेलं आहे. फक्त ते तापामुळे, उन्हामुळे की धावपळीमुळे हे एका रीडिंगवर कळत नाही, शांत ठेवून अर्ध्या-पाऊण तासाने परत घ्या. केस न आलेल्या जोईच्या (पिल्लाच्या) बाबतीत तर तो स्वतःचं तापमान राखूच शकत नाही, तुमची कापडी पिशवी ३२ ते ३४ अंशांवर आहे का हे आधी तपासा, मग आजाराचं बोलू.

*सावधान: तोंडात, पायांवर फोड असतील आणि एकापेक्षा जास्त जनावरांत दिसत असतील, तर काहीही हलवू नका. फोडांचे आजार म्हटले की बाहेरून आलेल्या गंभीर रोगाची शक्यता आधी बाद करावी लागते. इमर्जन्सी ॲनिमल डिसीज हॉटलाइन १८०० ६७५ ८८८, चोवीस तास चालू असते.*

टप्पा ४: वेगळं ठेवा, आणि खरंच वेगळं

"दुसऱ्या खोलीत ठेवलंय" एवढ्याने भागत नाही. वेगळी बाटली, वेगळी निपल, वेगळी कापडी पिशवी, वेगळा टॉवेल. दूध पाजायचा क्रम रोज तोच: आधी धडधाकट जोई, मग नवीन आलेले, सगळ्यात शेवटी आजारी. उलट क्रम केलात तर व्हायरस तुमच्याच हातांनी पुढे जाणार.

वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवू नका. जिच्यासोबत पिढ्यान्पिढ्या राहिलाय त्या जातीत हर्पीस बहुतेक गप्प असतो, दुसऱ्या जातीत गेला की तोच जीव घेऊ शकतो. वर "बंदिस्त" लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. गर्दी, ताण आणि जातींची सरमिसळ या तिन्ही गोष्टी बंदिस्त ठिकाणीच एकत्र येतात.

अजून एक, ३० दिवस क्वारंटाइन केलं म्हणजे जनावर हर्पीसमुक्त झालं असं समजू नका. क्वारंटाइनमध्ये फक्त सध्या बाहेर पडत असलेला आजार दिसतो, लपून बसलेला व्हायरस ३० दिवस काय, तीन वर्षं गप्प बसेल.

टप्पा ५: स्वॅब, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

क्रम असा: डोळे, मग नाक, मग घसा, शेवटी क्लोअका (शेण-लघवी बाहेर पडायची जागा) आणि जननेंद्रिय. स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे. प्रत्येक जागेला नवा स्वॅब.

१. डोळ्यातला पू स्वॅबवर गोळा करू नका. सलाइनने भिजवलेल्या गॉझने तो आधी पुसून टाका. व्हायरस पेशींमध्ये असतो, पुवात नाही.

२. खालची पापणी अंगठ्याने हलकी खाली ओढा, आतली गुलाबी खोबण दिसेल. स्वॅब त्या खोबणीत आडवा टेकवा आणि बोटांत फिरवत एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे न्या, पाचेक सेकंद. काळ्या बुबुळावर घासायचं नाही. टोक ओलसर आणि किंचित गुलाबीसर दिसलं तर पेशी आल्या. कोरडं पांढरं टोक ट्यूबमध्ये घातलंत तर लॅबला काहीच मिळत नाही, आणि "निगेटिव्ह" रिपोर्ट बघून तुम्ही निर्धास्त होता.

३. डोळ्यातला व्रण बघायला जो हिरवा-पिवळा फ्लुरेसिन रंग टाकतात तो स्वॅब घेतल्यानंतरच. शक्य असेल तर डोळा सुन्न करायचा थेंबही नंतरच.

४. नाकात बारीक स्वॅब, जबरदस्ती न करता जेवढा जाईल तेवढाच. घशाचा स्वॅब गुंगीत असतानाच.

५. क्लोअकाच्या स्वॅबवर शेण कमीत कमी यायला हवं, त्यानेही पीसीआर बिघडते. आसपास व्रण असेल तर व्रणाच्या कडेचा वेगळा स्वॅब घ्या, मधल्या मेलेल्या भागाचा नको.

६. मादी असेल तर पिशवी तपासा. आत जोई स्तनाग्राला धरून असेल तर ओढून काढू नका, कधीच नाही.

कोआला असेल तर क्लॅमिडियासाठी स्वॅबचा दुसरा सेट लगेच घ्या. कोआलाचे लाल डोळे आणि ओलं, मळलेलं बूड यात पहिला संशय क्लॅमिडिया पेकोरम या बॅक्टेरियाचा असतो. व्हिक्टोरियातल्या कोआलांच्या अभ्यासात हर्पीस आणि क्लॅमिडिया बरोबर सापडण्याचं प्रमाण जास्त दिसलंय, त्यामुळे एक सापडला म्हणून दुसरा शोधायचं थांबवू नका. डेव्हिलच्या तोंडावर व्रण किंवा गाठ असेल तर आधी फेशियल ट्यूमरचा (डेव्हिलमध्ये एकमेकांत पसरणाऱ्या चेहऱ्याच्या कॅन्सरचा) विचार, हर्पीस नंतर.

ग्लोव्हजबद्दल परत सांगते. यासाठी बहुतेक ठिकाणी नेस्टेड पीसीआर करतात, म्हणजे तीच गोष्ट दोन फेऱ्यांत वाढवून बघतात, आणि ती इतकी संवेदनशील असते की एका जनावराच्या ओल्या ग्लोव्हने दुसऱ्याचा स्वॅब धरलात तर दुसरंही पॉझिटिव्ह येऊ शकतं. प्रत्येक जनावराला नवी जोडी, मध्ये टेबल पुसायचं. ग्लोव्हज तुमच्यासाठीही आहेतच, कांगारूंकडून क्यू फीव्हर (माणसाला जनावरांकडून होणारा बॅक्टेरियाचा आजार) होऊ शकतो, या कामात नियमित असाल तर त्याच्या लसीबद्दल डॉक्टरला विचारा.

*चेक: ट्यूबा मोजा, लेबलं वाचा, मगच जनावर परत पिशवीत.*

टप्पा ६: रक्त

थोडक्यात सांगते. अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे या जनावराची कधीतरी व्हायरसशी गाठ पडलीय, आत्ताचा आजार त्यामुळेच आहे असा अर्थ नाही. अल्फा एक आणि दोन एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की अँटिबॉडीवरून त्यांच्यात फरक करणं कठीण. उपयोग करायचाच असेल तर दोन सॅम्पल, आज एक आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरं, आणि पातळी चौपट किंवा जास्त वाढली का ते बघायचं. पहिलं सीरम जपून ठेवा, दोन्ही एकाच वेळी एकाच लॅबमध्ये तपासायला हवीत.

टप्पा ७: जनावर मेलं तर

फ्रीझरमध्ये टाकू नका! फ्रिजमध्ये, साध्या थंडाव्यात ठेवा आणि २४ तासांत पोस्टमॉर्टेम होईल असं बघा. गोठवलं की पेशी फुटतात, मग मायक्रोस्कोपखाली काहीच धड दिसत नाही, आणि हर्पीसचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच असतो: पेशीच्या केंद्रकात दिसणारे इन्क्लुजन बॉडीज, म्हणजे व्हायरसमुळे तयार झालेले ठिपके.

प्रत्येक अवयवाचे दोन तुकडे घ्या. एक ताजा, पीसीआरसाठी, स्वतंत्र निर्जंतुक डबीत. दुसरा १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये, जाडी एक सेंटीमीटरपेक्षा कमी आणि फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट. ताजे तुकडे आधी घ्या आणि बंद करा, फॉर्मलिनची बाटली त्यानंतर उघडा. फॉर्मलिनच्या वाफेनेही सॅम्पल खराब होतं, म्हणून दोन्ही एकाच पिशवीत पाठवू नका.

लिव्हर, फुफ्फुस, प्लीहा, ॲड्रिनल, मेंदू, आणि जिथे व्रण असेल ती त्वचा. लिव्हरवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसले तर मोजपट्टी बाजूला ठेवून फोटो काढा आणि ठिपक्यासकट तुकडा घ्या. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट असेल तर ट्रायजेमिनल गँग्लियॉन (चेहऱ्याच्या मज्जातंतूची गाठ) काढायला सांगा, अल्फा लपतो ती जागा. पण तिथे सापडलेला व्हायरस लपून बसलेलाही असू शकतो, तेवढ्यावर मृत्यूचं कारण लिहू नका.

अचानक मेलेल्या कांगारूत टॉक्सोप्लाझ्मोसिस (एका परजीवीमुळे होणारा आजार) हा फार नेहमीचा गुन्हेगार आहे, तोही तपासायला सांगा.

टप्पा ८: पॅकिंग आणि पाठवणं

तीन आवरणं: न गळणारी ट्यूब, तिच्याभोवती शोषून घेणारा कागद आणि न गळणारी दुसरी पिशवी, बाहेर कडक खोका. ४ अंशांवर, एक-दोन दिवसांत लॅबमध्ये पोचेल असं बघा. शुक्रवारी दुपारी कुरिअर करू नका, सोमवारपर्यंत ते कुठल्यातरी गोडाऊनमध्ये तापत बसतं. लांबणार असेल तर उणे ८० चा फ्रीझर असलेल्या क्लिनिकला विनंती करा, घरातला ऑटो डीफ्रॉस्ट फ्रीझर स्वतःहून गरम-थंड होत राहतो.

फॉर्ममध्ये इतिहास लिहा. कुठे सापडलं, किती दिवसांपासून तुमच्याकडे आहे, कुठून कुठे हलवलं, शेजारी कुठल्या जाती आहेत, कुठली औषधं चालू आहेत. "आजारी आहे, हर्पीस तपासा" एवढंच लिहून पाठवलेल्या सॅम्पलचा अर्थ लावणं पॅथॉलॉजिस्टला अवघड जातं. एकापेक्षा जास्त मृत्यू असतील तर राज्याच्या वाइल्डलाइफ हेल्थ को-ऑर्डिनेटरला कळवा, प्रत्येक राज्यात एक असतो.

विद्यार्थ्यांसाठी खास: हे नमुने भारतात ओळखीच्या लॅबमध्ये नेऊन तपासू असा विचार मनातही आणू नका. ऑस्ट्रेलियातल्या वन्यजीवांचे नमुने देशाबाहेर न्यायला १९९९ च्या ईपीबीसी (पर्यावरण आणि जैवविविधता संरक्षण) कायद्याखाली परवानगी लागते, आणि भारतात आणायला वेगळी.

टप्पा ९: रिपोर्ट वाचायचा कसा

आधी बघा, नुसतं "हर्पीसव्हायरस डीएनए आढळला" आहे की व्हायरसचं नाव आहे. सगळे हर्पीस एकदम पकडणारी पीसीआर फक्त "या कुळातला कोणीतरी आहे" एवढंच सांगते. नाव हवं असेल तर सिक्वेन्सिंग लागतं. नाव नसलेल्या रिपोर्टवर कुठलाही निर्णय घेऊ नका, लॅबला फोन करा.

- अल्फा सापडला, जुळणारी लक्षणं आहेत, आणि मेलेल्या जनावरात इन्क्लुजन बॉडीजही दिसल्या: आता म्हणा की हर्पीसचा आजार आहे.
- अल्फा सापडला पण जनावर पायाच्या फ्रॅक्चरसाठी आलं होतं, बाकी ठणठणीत: ताणामुळे व्हायरस बाहेर पडतोय. वेगळं ठेवा, ताण कमी करा, डोळे आणि शेपटीखालची जागा रोज तपासा.
- गॅमा सापडला, लक्षणं काहीच नाहीत: बहुतेक वाहक आहे. एवढ्यावरून त्याला मारायचा किंवा कायमचं अडकवून ठेवायचा विचार करू नका. हे मी आग्रहाने सांगतेय, कारण धडधाकट कोआलाबद्दलही हा प्रश्न विचारला जातो.
- गॅमा सापडला आणि लक्षणं आहेत: दुसरं कारण शोधणं चालू ठेवा. गॅमा कधी स्वतः त्रास देतो, कधी नुसता बरोबर असतो, हे बाकीच्या टेस्ट बाद झाल्यावरच कळतं.
- निगेटिव्ह आला पण जनावर आजारीच: स्वॅब कोरडा होता का, उशिरा घेतला का? लपून बसलेला व्हायरस स्वॅबमध्ये येत नाही. लक्षणं वाढली की परत घ्या.

टप्पा १०: रिपोर्टनंतर

लपलेला व्हायरस अंगातून काढून टाकणारं औषध नाही. असायक्लोव्हिरसारखी औषधं काही व्हेट वापरतात, पण डोस त्यांनीच ठरवायचा, माणसाच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका. डोळा लाल आहे म्हणून घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, हर्पीसचा व्रण असेल तर तो भराभर खोल जातो आणि डोळा जाऊ शकतो. बाकी उपचार म्हणजे पाणी, योग्य तापमान, अंधार, शांतता, आणि कमीत कमी हाताळणी. ऐकायला साधं वाटतं, पण ताण उतरला तरच त्याच्या शरीराला व्हायरस दाबायला जमतं.

साफसफाईत हर्पीस सोपा आहे. त्याच्यावर चरबीचं आवरण असतं, साबणाने, ७० टक्के अल्कोहोलने, ब्लीचने मरतो. अट एकच, आधी शेण, दूध, माती साबणाने धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग भरपूर पाण्याने धुऊन वाळवायचं. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. कापडी पिशव्या ६० अंशांवर धुवा.

सोडायची वेळ आली की जिथे सापडलं त्या भागातच, राज्याच्या नियमाप्रमाणे. व्रण भरलेले हवेत, डोळे स्वच्छ हवेत, वजन वाढतं असायला हवं. पॉझिटिव्ह आलेलं जनावर बंदिस्त कळपात किंवा जिथे ती जात मुळात राहत नाही अशा ठिकाणी हलवायचं असेल तर तो निर्णय एकट्याने घेऊ नका, व्हेट आणि राज्याचं वन्यजीव खातं दोघांना रिपोर्टची कॉपी देऊन लेखी विचारा, आणि जनावराच्या कागदांत व्हायरसचं पूर्ण नाव, तारीख आणि कुठल्या स्वॅबमध्ये सापडला तेही लिहून ठेवा.